चिऱ्यांच्या भिंती, फुगणारी दारे आणि चतुर्थीपूर्वीची डागडुजी: कोणती विद्युत अवजारे घ्यावीत?

डिचोलीकर

सर्वांना नमस्कार.

गोव्यातील डिचोली तालुक्यातील आमचे घर जुने आहे. भिंती चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या आहेत, त्यांवर चुन्याचा गिलावा आहे आणि छप्पर मंगळुरी कौलांचे आहे. मागच्या बाजूला नंतरच्या काळात काँक्रीटच्या स्लॅबच्या दोन खोल्या बांधलेल्या आहेत. चतुर्थीला सारे कुटुंब याच घरी जमते, त्यामुळे पाऊस सुरू होण्यापूर्वी काही कामे हाती घ्यावीत असे ठरवले आहे. स्वयंपाकघरात भिंतीवर फळ्या बसवायच्या आहेत, गणपतीच्या खोलीत माटोळीची, म्हणजे मूर्तीच्या वर फळे-फुले बांधून टांगतात ती लाकडी चौकट टांगण्यासाठी भक्कम कड्या हव्या आहेत, दर पावसाळ्यात फुगून अडकणारी दोन दारे सुधारायची आहेत आणि खिडक्यांच्या चौकटींवरचे ऑइल पेंटचे जुने थर काढून नवा रंग द्यायचा आहे.

अशा किरकोळ कामांसाठी मेस्त (सुतार, गवंडी) वेळेवर मिळत नाहीत आणि मलाही हे काम स्वतः करण्याची मनापासून आवड आहे. वडिलांची करवत, पटाशा आणि रंधा घरात आहेत. विजेवर चालणारे मात्र एकही अवजार नाही. आपल्यापैकी जे घरची कामे स्वतः करतात त्यांनी आपले आवडते अवजार कोणते आणि ते आपल्याकडच्या भिंतींत व लाकडात नेमके कसे चालते, हे कारणांसह सांगितल्यास मोठी मदत होईल. केवळ कंपनीचे नाव कळून माझे काम भागणार नाही.

फोंड्याहून

नमस्कार. आपण भिंतीचा प्रकार सांगितलात हे फार चांगले झाले, कारण ड्रिल मशीन निवडताना सर्वांत आधी तोच पाहावा लागतो. बहुतेक ठिकाणी मिळणारा सल्ला काँक्रीट किंवा पक्क्या विटांच्या भिंती गृहीत धरून दिलेला असतो आणि तो चिऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत उघडा राहिला की कठीण होत जातो; परंतु हे काठिण्य संपूर्ण चिऱ्यात सारखे नसते. लोहयुक्त कठीण भागाची जाळी आणि तिच्या पोकळ्यांत भरलेली मऊ माती, अशी त्याची रचना असते. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून हलके परंतु अतिशय जलद ठोके निर्माण होतात. असे ठोके चिऱ्याला बसले की बिट, म्हणजे छिद्र पाडणारी सळई, कठीण भागावरून घसरून मऊ भागात शिरते, छिद्राच्या कडा ढासळतात आणि ६ मिलिमीटरचे छिद्र पाहता पाहता ८ किंवा ९ मिलिमीटरचे होते. मग त्यात बसवलेला प्लॅस्टिकचा प्लग स्क्रूबरोबर गरगर फिरतो आणि काहीच पकडत नाही.

म्हणून माझे सर्वांत आवडते अवजार म्हणजे १३ मिलिमीटरचे चक (बिट पकडणारा जबडा) असलेले, बोटाच्या दाबाने वेग कमी-जास्त करता येणारे आणि ठोक्यांचा खटका बंद करता येणारे साधे ड्रिल. चिऱ्याच्या भिंतीत ठोके बंद ठेवावेत, वेग मंद ठेवावा, बिट मधूनमधून बाहेर काढून भुकटी काढून टाकावी आणि शेवटी छिद्र फुंकून किंवा लहान ब्रशाने पूर्ण स्वच्छ करावे. फळ्यांसाठी नेहमीच्या आखूड प्लगऐवजी ६० ते ८० मिलिमीटर लांबीचे प्लग घ्यावेत, कारण गिलाव्याचा थर पकडीच्या दृष्टीने धरायचाच नसतो आणि लांब प्लगला आतील कठीण भाग कुठे ना कुठे सापडतो. जुन्या घरांत चिऱ्यांचे सांधे पुष्कळदा मातीचे किंवा चुन्याचे असतात. त्या सांध्यात छिद्र पडले तर वजन पेलण्याची अपेक्षाच करू नये. गिलाव्यावर बोटाच्या गाठीने ठोकून पाहिल्यास सांधा बहुधा ओळखता येतो. शंका असल्यास ३ मिलिमीटरच्या बिटाने आधी बारीक छिद्र पाडावे आणि बाहेर येणारी भुकटी पाहावी. तांबडी, करकरीत भुकटी येत असेल तर आपण चिऱ्यात आहात असे समजावे.

मागच्या खोल्यांची गोष्ट वेगळी आहे. काँक्रीटच्या तुळईत किंवा स्लॅबमध्ये इम्पॅक्ट ड्रिल दमते आणि आपणही दमतो. तिथे रोटरी हॅमर लागतो. त्यात विजेची मोटर एक दट्ट्या मागेपुढे हलवते, त्या दट्ट्यापुढील कोंडलेली हवा आघातकाला ढकलते आणि तो बिटाच्या मागच्या टोकावर सरळ आघात करतो. एसडीएस प्लस पद्धतीच्या बिटाला खाचा असतात, त्यामुळे ते चकमध्ये पुढे-मागे सरकू शकते आणि आघाताचे सारे बळ टोकाशी पोहोचते. ठोके संख्येने कमी परंतु जोरकस असतात. हाताने रेटावे लागत नाही, मशीन फक्त सरळ धरावे लागते. आपले काँक्रीटचे काम दोन खोल्यांपुरतेच असेल तर रोटरी हॅमर विकत न घेता एका दिवसासाठी भाड्याने आणावा, असे मी सुचवेन.

माटोळीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे हलगर्जी चालत नाही. नारळ, सुपारीचे घड, केळी, भोपळे आणि रानातली फळे बांधून झाल्यावर ती चौकट बरीच जड होते आणि तिच्या खालीच मूर्ती असते व माणसे बसतात. त्यामुळे चौकटीचा भार भिंतीवरील प्लगवर मुळीच टाकू नये. छपराच्या भक्कम तुळईत आरपार छिद्र पाडून, आटे पाडलेली कडी घालून दुसऱ्या बाजूने रुंद वॉशर आणि नट आवळावा. आरपार छिद्र शक्य नसेल आणि आट्यांची कडी लाकडातच फिरवून बसवायची असेल, तर आधीचे छिद्र कडीच्या आट्यांच्या आतील गाभ्याइतके असावे. ते त्याहून मोठे झाले तर पकड राहत नाही आणि लहान झाले तर जुने, वाळलेले लाकूड चिरते. छिद्र पाडण्यापूर्वी तुळईला वाळवी लागलेली नाही ना, हे पटाशीचे टोक दाबून तपासून घ्यावे.

पेडण्याचा वायरमन

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. विजेच्या बाजूने काही गोष्टींची भर घालतो.

जुन्या घरांत ६ अँपिअरचे प्लग पॉइंट असतात. २३० व्होल्टवर ७०० वॉटचे ड्रिल सुमारे ३ अँपिअर वीज घेते, तेव्हा त्याची चिंता नाही. मात्र १४०० वॉटच्या वरचे कटर किंवा मोठे ग्राइंडर १६ अँपिअरच्या पॉइंटवरच चालवावे. एक्स्टेन्शनची तार किमान १.५ चौरस मिलिमीटरची असावी आणि रीळ असेल तर ती पूर्ण उलगडूनच वापरावी, कारण गुंडाळलेली तार काम करताना आतल्या आत तापते. तार बारीक आणि लांब असेल तर मशीनला कमी व्होल्टेज मिळते, मोटर तापते आणि तिचे आयुष्य घटते. गावात संध्याकाळी व्होल्टेज उतरत असेल तर जड काम सकाळी करावे.

चौकोनात चौकोन असे चिन्ह असलेली अवजारे दुहेरी इन्सुलेशनची असतात. त्यांना दोनच पिना असतात आणि अर्थिंगची गरज नसते. तरीही घराच्या मीटर बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल, तर पहिला खर्च तिच्यावर करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे चार महिने जमीन ओली, भिंती ओल्या आणि पाय अनवाणी असतात. तार कुठे सोललेली असेल तर गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडण्याचे काम हेच उपकरण करते. साध्या एमसीबीकडून ते होत नाही.

म्हापशाची गृहिणी, सुतारकामाची आवड

दारांबद्दल आणि रंगाबद्दल मी लिहिते, कारण ही दोन्ही कामे मी आमच्या घरी करते.

दारे अडकतात म्हणून लगेच इलेक्ट्रिक रंधा विकत घेऊ नका. आधी बिजागऱ्या पाहा. पुष्कळदा वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होऊन दार खाली ओघळलेले असते आणि आपण दोष पावसाला देतो. बिजागऱ्या घट्ट करूनही दार अडकत असेल, तर जुलैमध्ये ते नेमके कुठे घासते तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा, पण तासण्याची घाई करू नका. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. भर पावसात चौकटीत नेमके बसेल इतके तासलेले दार एप्रिलमध्ये आकसते आणि फटीतून उजेड दिसू लागतो. म्हणून कोरड्या दिवसांत खुणेपर्यंत अगदी थोडे तासावे आणि लगेच कडा सील कराव्यात. दाराचा वरचा आणि खालचा काठ रंगवायचा बहुतेकदा राहून जातो. त्या काठांवर लाकडाच्या उभ्या तंतूंची तोंडे उघडी असतात आणि ओलावा तेथूनच सर्वाधिक शिरतो. त्या दोन काठांना प्राइमर आणि रंगाचे दोन हात दिले की निम्मी तक्रार संपते.

आपल्याकडे वडिलांचा हातरंधा आहे, तर दोन दारांसाठी तो पुरेसा आहे. इलेक्ट्रिक रंधा, ज्याची रुंदी बहुधा ८२ मिलिमीटर असते, एका फेरीत इतके लाकूड काढतो की अनुभव नसताना दार पाहता पाहता लहान होते. तो वापरायचाच असेल तर खोली अर्ध्या मिलिमीटरहून अधिक ठेवू नये आणि दाराच्या टोकाशी लाकडाचा आधारतुकडा आवळावा, नाहीतर शेवटी कपचा उडतो. जुन्या दारांत खिळे दडलेले असतात. चुंबक फिरवून ते आधी शोधावेत.

आता माझे आवडते अवजार: १२५ मिलिमीटरचे रँडम ऑर्बिटल सँडर, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणारे मशीन. त्याची चकती स्वतःभोवती फिरता फिरता लहान वर्तुळातही सरकते, त्यामुळे लाकडावर गोल ओरखडे राहत नाहीत. पॉलिश पेपर ८० नंबरपासून सुरू करून १२० आणि १८० पर्यंत जावे, मधला नंबर गाळू नये आणि मशीन दाबू नये. तिचे वजन पुरेसे असते.

परंतु आपल्या खिडक्यांच्या बाबतीत थांबून विचार करावा असे मला वाटते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, हिरव्या आणि लाल छटांमध्ये, शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. असा रंग सँडरने कोरडा घासला तर शिशाची बारीक धूळ घरभर पसरते आणि ती लहान मुलांना सर्वाधिक अपाय करते. म्हणून हे जुने थर पाणी फवारून, ओले ठेवूनच खरवडावेत, खाली प्लॅस्टिक अंथरावे, एन ९५ मास्क लावावा आणि मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. हीट गन फार तापवली तर शिशाचे विषारी धूर निघतात, तेव्हा ती या कामाला नको. सँडर आपण नव्या लाकडासाठी आणि फळ्यांसाठी निःशंकपणे वापरू शकता.

आपल्या खिडक्यांना शिंपल्यांची जुनी तावदाने असतील, तर त्या झडपांना कोणतेही कंप पावणारे अवजार लावू नये. ती तावदाने पातळ असतात आणि आता सहज मिळत नाहीत. तेथे फक्त हात आणि संयम चालतो.

डिचोलीकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन झडपा शिंपल्यांच्याच आहेत, त्यामुळे ती सूचना अगदी वेळेवर मिळाली. आणखी दोन शंका आहेत. ड्रिल तारेचे घ्यावे की बॅटरीचे? आणि फळ्या कापण्यासाठी ग्राइंडरला लाकूड कापण्याचे पाते लावून काम होईल का? येथील दुकानदार होईल असे म्हणतात.

फोंड्याहून

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो: कृपया तसे करू नका. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे फिरतो. त्याचे संरक्षक कवच घासण्याच्या आणि धातू कापण्याच्या चकतीसाठी बनवलेले असते आणि बहुतेक मशीनमध्ये बटण सोडले तरी पाते काही क्षण फिरतच राहते. दातांचे पाते लाकडात अडकले की मशीन हातातून उसळते आणि त्या वेळी पाते व आपले शरीर यांच्यामध्ये काहीही नसते. फळ्या कापण्यासाठी जिगसॉ, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या अरुंद पात्याची विजेची करवत, घ्यावा. तो सावकाश चालतो, त्याच्यावर ताबा राहतो आणि गोलाईही कापता येते. त्याचे नेहमीचे पाते वर येताना कापते, म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवावी. लांब आणि सरळ काप हवा असेल तर फळीवर पट्टी आवळून तिच्या आधाराने चालवावा.

ग्राइंडर लोखंडी कामासाठी पुढे कधी घेतलात, तर चकत्या कोरड्या डब्यात ठेवा आणि मधल्या धातूच्या कड्यावरील तारीख पाहून घ्या. चकतीतील कण रेझिनने बांधलेले असतात आणि दमटपणात ते रेझिन कमकुवत होते. मुदत संपलेली चकती आपल्या हवेत वापरणे मुळीच योग्य नाही.

पेडण्याचा वायरमन

बॅटरीविषयी माझे मत असे की चिऱ्याची भिंत, बिजागऱ्या आणि फळ्या एवढ्या कामाला १२ व्होल्टचे ड्रिल पुरते. पुढे जिगसॉ आणि सँडरही त्याच बॅटरीवर चालवायचे असतील तर सुरुवातीलाच १८ व्होल्टची मालिका निवडावी. काही कंपन्या ज्याला २० व्होल्ट म्हणतात ती बॅटरीही तितकीच असते: आत ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात, ते नुकतेच चार्ज केलेले असताना एकूण २० च्या आसपास भरतात आणि काम करताना १८ वर येतात. त्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. कौलांवर किंवा शिडीवर चढून काम करायचे असेल तर तार पायात येत नाही, हा बॅटरीचा खरा लाभ आहे. तारेचे ड्रिल मात्र वर्षभर पेटीत पडून राहिले तरी लगेच चालते.

पावसाळ्यात बॅटरी मशीनमधून काढून, साधारण निम्मी चार्ज ठेवून, घरातील कोरड्या कपाटात ठेवावी. मशीनमधली भुकटी ब्रशाने काढून टाकावी, कारण ती ओलावा धरून ठेवते. चकला तेलाचा हलका हात द्यावा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि अधूनमधून मशीन मिनिटभर रिकामे चालवावे. तारेच्या मशीनमध्ये फार ठिणग्या दिसू लागल्या तर आधी कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे लहान तुकडे, तपासावेत. ते झिजलेले असतील तर बदलणे स्वस्त पडते. तसेच चालवत राहिल्यास आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) जळते आणि तो खर्च मशीनच्या किमतीच्या जवळ जातो.