सुतारकाम: मोठी यंत्रं राहू द्या, हाताशी काय असतं ते सांगा

राउटर (लाकडात खाचा मारायचं यंत्र) कोणता घ्यावा आणि टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) केवढ्याला पडतो यावर आपण पुष्कळ बोललो. या वेळी मला लहान वस्तूंबद्दल ऐकायचंय. फुकटात झालेली, शे-पाचशेला मिळालेली, वडिलांच्या पेटीतून आलेली, कुठलीही चालेल. ती जागेवर नसली की तुम्ही काम थांबवून तिला शोधत बसता, एवढी एकच अट. मात्र ती नेमकं काय करते आणि तुम्ही कशी वापरता ते तपशिलात लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला येत्या रविवारी करून बघता येईल.

सुरुवात मी करतो. माझी वस्तू म्हणजे कर्कटक. शाळेच्या कंपासपेटीत असायचं तेच, फक्त सहा इंची, पोलादी आणि स्क्रूने उघडमीट होणारं. पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी गंजलेलं मिळालं. टोकं घासून घेतली आणि तेव्हापासून मोजपट्टी निम्म्या वेळा खिशातच राहते.

देव्हाऱ्याला पुढून जाळी करायची होती. आतली रुंदी ४३७ मिमी आणि भाग पाच. म्हणजे ८७.४ मिमी. ते पॉइंट चार पट्टीवर कुठे दाखवणार? कर्कटक अंदाजाने उघडायचं आणि एका टोकापासून पाच पावलं चालवत न्यायचं. शेवटचं पाऊल १० मिमी पुढे गेलं, तर त्याचा पाचवा भाग, म्हणजे २ मिमी, मिटवायचं. पुन्हा चालवायचं. तिसऱ्या खेपेला टोक बरोबर कडेवर येतं. शिवाय प्रत्येक पावलाला लाकडात बारीक टोचा पडतो, त्यात मार्किंगची सुरी आपोआप बसते. पेन्सिलीच्या रेघेच्या अलीकडे कापायचं की पलीकडे, हा प्रश्नच उरत नाही.

आता तुम्ही सांगा.

रत्नागिरी, दारं-खिडक्यांचं काम

माझ्याकडे ओलावा मोजायचा मीटर आहे. दोन सुया लाकडात टोचायच्या, पडद्यावर टक्का दिसतो. ओलं लाकूड वीज जास्त वाहू देतं आणि सुकं कमी, त्यावरून तो आकडा काढतो.

हा घ्यायची वेळ का आली ते सांगतो. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला जुलैत कपाटाची दारं करून दिली. लाकूड सागवान, दोन वर्षं शेडमध्ये पडून असलेलं, म्हणून मी ते सुकंच धरलं. पॅनल चौकटीत गच्च बसवलं, चारही बाजूंनी फेविकॉल लावला. पुढच्या एप्रिलमध्ये फोन आला. दोन पॅनल मधोमध तडकली होती. गिऱ्हाईक भलं होतं, दारं परत घेऊन आलं आणि माझ्यासमोर बसून मी काय करतो ते बघत राहिलं. ती दारं मी पूर्ण नवीन करून दिली.

मीटर आल्यावर कळलं की आमच्या शेडमधलं तेच लाकूड मे महिन्यात १२ दाखवतं आणि जुलै-ऑगस्टात १७-१८ वर जातं. वर्षानुवर्षं सुकवलेलं लाकूडसुद्धा हवेतलं पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात सोडून आकसतं. लांबीत जवळजवळ काही फरक पडत नाही, सगळा खेळ रुंदीत. म्हणून आता पावसाळ्यात घाटावर जाणारं काम असलं की पॅनल खाचेत सुटं ठेवतो, गोंदाचा थेंब नाही. आणि पॉलिश पॅनल चौकटीत घालायच्या आधी करतो. नाहीतर ते आकसलं की कडेला कोऱ्या लाकडाची पांढरी पट्टी उघडी पडते.

एक सूचना. फळीच्या वरच्या अंगावर टोचून भागत नाही. टोकाकडून वीतभर कापून टाका आणि त्या ताज्या कापावर मधोमध टोचा. वरून ११ आणि आतून १६ असं मी कित्येकदा पाहिलंय.

न्यू जर्सी, गॅरेजमध्ये हौस म्हणून

रत्नागिरीच्या दादांचा अनुभव वाचून आजीचा पाट आठवला. फणसाचा, गुहागरच्या घरातला. मी तो विमानाने इकडे आणला आणि पहिल्याच जानेवारीत एका रात्री फट्‌ असा आवाज होऊन तो लांबीला चिरला. आजी तेव्हा हयात होती. तिला फोनवर सांगताना मला फार वाईट वाटलं.

इथे हिवाळ्यात हीटर चोवीस तास चालतो आणि घरातली आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली उतरते. गुहागरच्या हवेत वाढलेल्या लाकडाला ते कसं सोसावं? पण चिरण्याचं खरं कारण पाटाच्या पोटाखाली होतं. दोन आडव्या पट्ट्या खिळ्यांनी पक्क्या ठोकलेल्या. फळीला रुंदीत आकसायचं होतं आणि पट्ट्या तिला हलू देत नव्हत्या.

माझी आवडती वस्तू म्हणून भिंतीवरचं साधं आर्द्रतामापक घड्याळ लिहितो. ते बघूनच मी ठरवतो की आज सांधे चिकटवायचे की थांबायचं. पाट दुरुस्त केला तो असा: खिळे काढले, चीर गोंदाने जोडली, खालून फुलपाखराच्या आकाराच्या दोन पाचरी बसवल्या. पट्ट्या स्क्रूने लावल्या, पण त्यांतली भोकं लांबट केली, म्हणजे फळी सरकेल तसा स्क्रू भोकात सरकतो. त्यानंतर अनेक हिवाळे गेले, पाट शाबूत आहे. दिवाळीत त्याच्यावरच ओवाळतात.

(धागाकर्ता: लांबट भोकांची ही गोष्ट टेबलाचा वरचा फळा बसवताना तंतोतंत लागू पडते. ज्यांनी ती वगळून पुढे वाचलं असेल त्यांनी मागे जाऊन वाचावी.)

डोंबिवली, शनिवार-रविवार

डिजिटल कॅलिपर. मी फक्त प्लायमध्ये काम करतो आणि दुकानदाराने १८ मिमी म्हणून दिलेला प्लाय बहुतेक वेळा १८ नसतो. माझ्या शेवटच्या पत्र्यांपैकी एक १७.३ भरला, दुसरा १७.६. अठराच्या बिटने खाच मारली की फळी आत खुळखुळते. आता प्रत्येक पत्रा घरी आला की चार कोपऱ्यांत मोजतो आणि आकडा पेन्सिलीने त्याच्यावरच लिहितो. खाच त्या आकड्याची.

कोल्हापूर, आयटीआयमधून निवृत्त शिक्षक

तीसेक वर्षं पोरांना सुतारकाम शिकवलं. प्रत्येक तुकडीकडून यंत्राला हात लावायच्या आधी एक वस्तू करून घेत होतो: गोल करवतीवर लाकूड ढकलायची काठी. ती झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असा नियम होता आणि मी तो कुणासाठी मोडला नाही.

बाजारात मिळणारी काठी बहुधा पुढे खाच असलेली, बारकी असते. ती मला पसंत नाही. ती लाकडाला फक्त मागून ढकलते, वरून दाबत नाही. करवतीचे मागचे दात खालून वर येत असतात. लाकूड तिथे जरा उचललं गेलं की दात त्याला पकडून तुमच्या अंगावर फेकतात. हे एवढं झटक्यात होतं की हात मागे घ्यायला सवड मिळत नाही. मी एका कारखान्यात एका कारागिराचं बोट जाताना डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसानंतर या विषयावर मी कुणाशी तडजोड केली नाही.

म्हणून काठी चपलेसारखी करा. १२ मिमी प्लायचा तुकडा, साधारण फूटभर लांब. खालची बाजू सपाट, ती लाकडावर टेकते आणि दाबते. मागच्या टोकाला ५-६ मिमी टाच खाली आलेली, ती ढकलते. वर मूठ, पुढे झुकलेली. सगळ्या कडा घासून गोल करा, नाहीतर तळव्याला लागते. एक भोक पाडा आणि यंत्राच्या उजव्या अंगाला टांगा, वाकावं लागणार नाही अशी. पातं आणि ज्या पट्टीला लाकूड टेकवून ढकलतो ती पट्टी यांच्यामध्ये सहा इंचांहून कमी जागा असेल तर तिथे हात जाता कामा नये, काठीच जाईल. ती कापली गेली तर वाईट वाटून घेऊ नका. दहा मिनिटांत दुसरी होते.

दुसरी वस्तू थोडक्यात. दोन सडपातळ पट्ट्या, एकेका टोकाला निमुळत्या केलेल्या. चौकट गुण्यात (काटकोनात) आहे का बघायला त्या एकावर एक धरून एका कर्णात ताणायच्या, रबरबँडने आवळायच्या, मग दुसऱ्या कर्णात लावायच्या. बरोबर बसल्या तर चौकट गुण्यात. टेपचा आकडा वाचायची गरज नाही, त्यामुळे चूकही नाही.

नाशिक, घरच्या गच्चीत

मी २०२० च्या टाळेबंदीत मुलाच्या पुस्तकांसाठी मांडणी करायला घेतली आणि तिथून हे वेड लागलं. आधी कुणी शिकवलं नव्हतं. वर्षभर मला वाटायचं की पटाशी चालवायला मनगटात ताकद लागते आणि ती आपल्यात नाही. मग ओळखीच्या मिस्त्रीकाकांनी त्यांची पटाशी माझ्या हातात दिली. सागवानाच्या आडव्या टोकावरून ती अशी गेली की मी बघतच राहिले. ताकदीचा प्रश्नच नव्हता, माझ्या पटाशीला धार नव्हती.

काका नुसत्या हाताने ऑइल स्टोनवर धार लावतात. मला तो कोन धरता येत नाही, म्हणून मी चाकाचा धारक घेतला. पटाशी त्यात आवळायची आणि चाकावर मागे-पुढे फिरवायची. पण माझी खरी आवडती वस्तू त्याच्यासोबतची लाकडी फळी आहे, जी मी स्वतः केली. या धारकात पटाशी जितकी बाहेर काढाल त्यावर कोन ठरतो. माझ्या धारकात ४० मिमी बाहेर काढली तर २५ अंश, ३० मिमी काढली तर ३० अंश. दर वेळी मोजायला नको म्हणून फळीवर त्या अंतरांवर दोन ठोकळे चिकटवले. धारक फळीच्या कडेला टेकवायचा, पटाशीचं टोक ठोकळ्याला लागेपर्यंत सरकवायचं, स्क्रू आवळायचा. दर वेळी तोच कोन मिळतो, त्यामुळे पॉलिश पेपरवर आठ-दहा फेऱ्यांत धार परत येते. दगडाऐवजी मी जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवते, ४००, १००० आणि २००० नंबरचा.

काकांनी ती फळी उलटसुलट करून पाहिली आणि आपल्या नातवासाठी तसलीच एक मागून नेली.

सावंतवाडी

आम्ही लेथवर भातुकली आणि लाकडी फळं करतो, लाकूड बहुतेक पांगारा. एका मापाची पन्नास लाटणी करायची तर प्रत्येकाला कॅलिपर लावत बसलो की दिवस जातो. त्यापेक्षा प्लायच्या तुकड्यात मापाची खाच कापून ठेवतो. लाटणं फिरत असताना तासून होत आलं की थांबवायचं आणि खाच लावायची. लाटणं आत गेलं, झालं. शेजारी अर्ध्या मिलिमीटरने कमी अशी दुसरी खाच असते. त्यात गेलं तर लाटणं बारीक झालं, बाजूला काढायचं. खिळ्याला अशा तीस-चाळीस खाचा टांगलेल्या आहेत. काही माझ्या वडिलांच्या अक्षरातल्या आहेत, त्या मी वापरतो पण घासत नाही.

मुंबई, नागदेवीत दुकानांच्या फेऱ्या मारणारा

मेणबत्ती. रंध्याच्या तळाला नागमोडी एक रेघ ओढा, रंधा लोण्यासारखा पळतो. स्क्रूला लावा, शिसवातसुद्धा डोकं न तुटता जातो. साबण लावू नका, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो.

बल्लारपूर

आमच्याकडचं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं, त्यामुळे सध्या सगळ्यांना त्याचं कौतुक आहे. आम्ही त्याच्यावर रोज हात चालवतो, म्हणून त्याची एक खोडही सांगतो. सागवानात वाळूसारखे बारीक कण असतात, ते हत्याराची धार खातात. त्यात लाकडाची रेषा (तंतूंची दिशा) मध्येच उलटली की रंधा ती उचकटतो आणि खड्डे पडतात.

तिथे मी जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा वापरतो, पोस्टकार्डाएवढा. जुने लोक काचेच्या तुकड्याने खरवडायचे, तेच काम, पण हात कापत नाही आणि धार परत लावता येते. पद्धत अशी. आधी कानशीने कड सरळ आणि काटकोनात करा. मग ऑइल स्टोनवर ती कड आणि दोन्ही अंगं गुळगुळीत करा. मग स्क्रूड्रायव्हरचा गोल दांडा कडेवरून जोर देऊन तीन-चार वेळा फिरवा, आधी सपाट आणि मग किंचित तिरपा. नखाने बघा, कडेला न दिसणारा, हुकासारखा आकडा वळलेला लागेल. पात्याला दोन्ही अंगठ्यांनी मधून जरा बाक द्या, पुढे झुकवा आणि ढकला. भुसा निघत असेल तर आकडा वळलेला नाही किंवा झिजलाय. कांद्याच्या पापुद्र्यासारखा छिलका निघाला पाहिजे.

अंगठे भाजतात, एवढं लक्षात ठेवा. पातं घर्षणाने तापतं. मी त्याच्या मागच्या बाजूला फ्रिजच्या दारावरचं चपटं चुंबक चिकटवतो, अंगठे त्याच्यावर ठेवतो.