पिचर पोराने शोकेसला दुसरी पोझिशन कुठली लिहावी?

प्रेषक: नितीन
प्रति: मंडळाची यादी

नमस्कार मंडळी,

ढोल-ताशाच्या सरावाच्या मेल्समध्ये मध्येच हा वेगळा विषय काढतोय, चालवून घ्या. डॅलसमध्ये राहून आपल्यातल्या बऱ्याच घरांत आता क्रिकेटच्या किटशेजारी बेसबॉलची बॅग पडलेली असते, म्हणून इथेच विचारतो.

आमचा ईशान सोफमोर, म्हणजे हायस्कूलचं दुसरं वर्ष, संपवतोय. उजव्या हाताचा पिचर (चेंडू टाकणारा), फास्टबॉल ताशी ८१-८२, फार तर ८३ मैल. ट्रॅव्हल टीमचे कोच पिचिंग नसेल तेव्हा त्याला शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे) उभं करतात, थर्ड बेसला करतात, कॅचर (बॅटरमागचा, विकेटकीपरसारखा) कमी पडला तर त्याच्याच अंगावर गिअर चढवतात. गेल्या मोसमात सेंटर फील्डही (मैदानाच्या मागच्या भागात मधोमध) झालं. जूनमध्ये शोकेस आहे, म्हणजे कॉलेजच्या कोचसमोर पोरांची चाचणी. फॉर्मवर प्रायमरी आणि सेकंडरी पोझिशन विचारलीय, पण रकान्यात हवं तेवढं लिहिता येतं. माझं मत, सगळ्या पोझिशन लिहाव्यात, कुठे ना कुठे डाळ शिजेल. ईशान म्हणतो फक्त पिचर लिहा. आणि हिचा एकच प्रश्न, पोराच्या खांद्याचं काय? जाणकारांनी सांगावं.

नितीन

---

प्रेषक: श्रीकांत

नितीन,

सगळं लिहू नकोस. माझ्या पोराच्या वेळी मी ह्या शोकेसना कुंपणाला टेकून बरेच उन्हाळे काढलेत. कॉलेजचे कोच घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, मांडीवर नावांची यादी, एका हातात स्टॉपवॉच. पोरगा वाट्याला येतो काही मिनिटं. त्यात नावापुढे चार पोझिशन दिसल्या की ते अष्टपैलू असं वाचत नाहीत, अजून कुठेच बसला नाही असं वाचतात. आपल्याकडे थोडी बोलिंग थोडी बॅटिंगवाल्याला निवड समिती जशी बघते, अगदी तसंच.

पिचर पहिला, त्यात वाद नाही. प्रश्न फक्त दुसऱ्या रकान्याचा. कोचेस शॉर्टस्टॉप, सेंटर फील्ड आणि कॅचर ह्या मधल्या रेषेवरच्या पोरांना आधी बघतात, कारण शॉर्टस्टॉपला सेकंड, थर्ड, आउटफील्ड कुठेही हलवता येतं, उलट जमत नाही. म्हणून प्रत्येक बापाला आपला पोरगा शॉर्टस्टॉप वाटतो. पण तिथे पाय बघतात. साठ यार्ड सात सेकंदांच्या आत पळत असेल तरच शॉर्टस्टॉप लिही. ७.३-७.४ वाला पोरगा शॉर्टला उभा राहिला की त्याचा चांगला हात बाजूला राहतो आणि कोचच्या वहीत जड पायांची नोंद होते.

थर्डला मात्र हात आणि बॅट. पिचरचा हात असतोच. बॅट कशी आहे ते तू लिहिलंच नाहीस. लाइनअपमध्ये नवव्या, म्हणजे बॅटिंगला शेवटच्या, नंबरवर येत असेल तर ईशानचंच बरोबर, फक्त पिचर.

आणि दुसरी पोझिशन म्हणजे नुसती फॉर्मची शोभा नव्हे. आपल्या रेंजर्सचा (इथला मेजर लीग, म्हणजे अव्वल व्यावसायिक, संघ) पिचर डीग्रॉम स्टेटसन विद्यापीठात शॉर्टस्टॉप होता. पिचिंग त्याने तिथे ज्युनियर, म्हणजे तिसऱ्या, वर्षात सुरू केलं आणि २०१० मध्ये मेट्स ह्या मेजर लीग संघाने ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) नवव्या फेरीत उचलला तो पिचर म्हणून. तेव्हा दार दोन्हीकडून उघडं असतं.

घरची साठ यार्डांची वेळ, थर्डवरून थ्रोचा वेग आणि एक्झिट व्हेलॉसिटी (बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग) कळव. मग बोलू.

श्रीकांत

---

प्रेषक: मेधा

नितीन, घरातल्या तिघांपैकी तुझ्या बायकोचा प्रश्न सगळ्यात शहाणपणाचा आहे, तिला सांग.

मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लिहितेय. कॅचर आधी काढून टाक. फॉर्मवरूनच नाही, ट्रॅव्हल टीममधूनही. यूएसए बेसबॉल आणि मेजर लीगने मिळून तरुण पिचर्ससाठी पिच स्मार्ट ही नियमावली केलीय. १५-१६ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिचेस, आणि ७६ किंवा जास्त झाल्या तर पुढे चार दिवस विश्रांती. त्यातच पिचरने इतर वेळी कॅचर होऊ नये असंही सांगितलंय. का ते उघड आहे. कॅचर जवळजवळ प्रत्येक पिच परत फेकतो, वर बेस चोरणाऱ्यासाठी गुडघ्यातून उठून जीव तोडून थ्रो, आणि ह्यातलं काहीही पिच-काउंटरच्या वहीत येत नाही. पालक मला वही दाखवतात, "मॅडम, आम्ही मर्यादेतच होतो." कोपराच्या आतल्या बाजूला बोट लावलं की पोरगा डोळे मिटतो.

वर्षात चार महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद आणि त्यातले सलग दोन-तीन महिने खांद्यावरून काहीच फेकायचं नाही, हेही तिथेच लिहिलंय. शरद ऋतूतल्या लीगपायी ते कुणी पाळत नाही.

आता शोकेसच्या दिवसाचं. बहुतेक ठिकाणी सकाळी धावणं, मग इन्फिल्डचे थ्रो रडार गनसमोर, मग बॅटिंग, आणि माउंडवरून पिचिंग दुपारी. म्हणजे पोरगा एकाच दिवसात दोनदा पूर्ण जोर लावणार आणि मधले दोन तास बाकावर गार होणार. थर्डवरून फर्स्टचं अंतर सव्वाशे फुटांच्या वर आहे. मोजके थ्रो करू दे, पण दुपारी अंग पुन्हा नव्याने गरम करायचं. रबर बँड बॅगेत हवेत. गन बघून "अजून एक, अजून एक" करणारा बाप कुंपणाच्या बाहेर ठेवावा.

मेधा

---

प्रेषक: अमेय

मेधाताई, पण मेजर लीगचा पिचर पॉल स्कीन्स, त्याचं काय? एअर फोर्स अकादमीत तो कॅचर आणि पिचर दोन्ही होता की. पिचिंग-बॅटिंग दोन्ही करणाऱ्या ओहतानीचं तर बोलायलाच नको.

आणि कुमार रॉकर? आई भारतीय वंशाची, आपल्याच रेंजर्सचा. तो नुसता पिचर राहून पोचलाच ना? मग नक्की खरं काय?

जाता जाता: आमचा तेरा वर्षांचा डावखुरा आहे, त्याला शॉर्टस्टॉपच व्हायचंय.

अमेय

---

प्रेषक: मेधा

स्कीन्स एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) गेल्यावर फक्त पिचिंग करायला लागला आणि २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला गेला. उदाहरण तू माझ्याच बाजूचं दिलंस.

---

प्रेषक: श्रीकांत

अमेय, डावखुऱ्याला पिचर, फर्स्ट बेस आणि आउटफील्ड. शॉर्टवरून फर्स्टला फेकायला त्याला अख्खं अंग वळवावं लागतं, तेवढ्यात रनर पोचतो. पण तेराव्या वर्षी खेळू दे रे हवं तिथे, कोण बघतंय.

रॉकरची गोष्ट सोड. तो हायस्कुलातच नव्वदीच्या वर टाकत होता. तिथे दुसरा रकाना कोण वाचतं? ८२ वाल्याला तो रकाना लागतो.

---

प्रेषक: नितीन

श्रीकांतकाका, मेधाताई, मनापासून आभार. कॅचर बंद, कालच कोचना कळवलं. त्यांचा चेहरा पडला, पण ऐकलं.

साठ यार्ड ७.३. थर्डवरून थ्रो ताशी ७९ मैल. एक्झिट व्हेलॉसिटी ८७. लाइनअपमध्ये पाचवा. उंची सहा फूट, वजन १६५ पौंड. मार्क चांगले आहेत, इंजिनिअरिंग करायचंय. मोठ्या डी-वन (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची श्रेणी) शाळांच्या कॅम्पची आमंत्रणं रोज येतायत, त्याने तो हुरळलाय.

---

प्रेषक: श्रीकांत

नितीन,

मग हिशेब सरळ आहे. पिचर आणि थर्ड बेस. शॉर्टस्टॉप फॉर्मवरही नको आणि व्हिडिओतही नको. हायस्कूलचा कोच खेळवेल तिथे खेळू दे, ती वेगळी गोष्ट.

कॅम्पच्या आमंत्रणांवर भाळू नका. ती घाऊक जातात, कॅम्पच्या फीवर कोचिंग स्टाफची कमाई असते. डी-वनचे कोच हायस्कूलच्या ज्युनियर वर्षाच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत भरतीबद्दल पोराशी बोलूच शकत नाहीत. कॅम्पची माहितीपत्रकं पाठवायला मात्र मुभा आहे, म्हणून तुझी पेटी भरतेय. शिवाय कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यातल्या २०२५ च्या सेटलमेंटनंतर तिच्यात सामील शाळांना संघ ३४ जणांत बसवावा लागतो, आणि त्यातल्या बऱ्याच जागा दुसऱ्या कॉलेजातून आलेली मोठी पोरं अडवतात. उजव्या हाताचा ८२ वाला तिथे आज बसत नाही. वजन वाढलं, ८७-८८ झाला, तर पुढच्या वर्षी बघू.

ह्या आकड्यांना डी-थ्री, म्हणजे तिसरी श्रेणी, नीट लागू पडते. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण मार्कांवर मदत मिळते, आणि आठवड्यात एकदा पिचिंग करून उरलेले दिवस थर्डला बॅट चालवणारा पोरगा तिथल्या कोचला मनापासून हवा असतो. सॅन अँटोनियोचं ट्रिनिटी बघ. २०१६ साली डी-थ्रीचे राष्ट्रीय विजेते, आणि तिथे इंजिनिअरिंगही आहे. त्यांच्या कोचला ईशानने आत्ताच लिहिलं तरी उत्तर येऊ शकतं. ईशाननेच लिहायचं, तू नाही. बापाची मेल ओळखू येते.

मेल करण्याआधी प्रत्येक कॉलेजचं रोस्टर (संघाची यादी) उघडा. थर्ड बेसवर किती जण आहेत आणि ईशान पोचेल त्या वर्षी त्यातले किती उरतील ते मोजा. दोन सोफमोर बसलेले असतील तर त्या मेलमध्ये पिचिंग ठळक आणि थर्ड एका ओळीत. जागा रिकामी होत असेल तर थर्डचा व्हिडिओ दुसऱ्याच वाक्यात. शोकेसच्या फॉर्मपेक्षा ह्या मोजणीवर जास्त वेळ घाला.

व्हिडिओ दोन मिनिटांचा, गाणं-बिणं लावू नका. आधी पिचिंग, एक कोन कॅचरच्या मागून, एक बाजूने. मग थर्डवर डावी-उजवीकडचे ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू) आणि एक बंटवर (बॅटने हळूच पुढ्यात टाकलेल्या चेंडूवर) पुढे धावत येऊन केलेला थ्रो. ह्या थ्रोत साठ यार्डांची वेळ झाकली जाते, तो अवश्य घ्या. शेवटी बॅटिंग.

शनिवारी सकाळी ग्राउंडवर भेट, माझी रडार गन घेऊन जा. बॅटऱ्या तुझ्या. आणि मेधा म्हणते तसं, वीस पिचेस झाल्या की गन बॅगेत.

श्रीकांत