घडीव की ओतीव? आयर्नच्या सेटवरून झालेला पत्रव्यवहार

विषय: आयर्नचा सेट घ्यायचाय, सल्ला हवा
प्रेषक: मकरंद, फ्रीमाँट

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या जेवणाची यादी चालू असताना मध्येच हा विषय काढतोय, सांभाळून घ्या.

गोल्फ खेळायला लागून चार वर्षं झाली. आतापर्यंत ऑफिसातल्या एका साहेबांनी दिलेला जुना सेट वापरला. हँडिकॅप (जितका कमी तितका खेळ चांगला) २० वरून १६ वर आलाय आणि आता डोक्यात भुंगा शिरलाय की फोर्ज्ड, म्हणजे घडीव, आयर्न (धातूच्या डोक्याचे नंबरवार क्लब) घ्यावेत. परवा दुकानात मिझुनो या जपानी कंपनीचं सात नंबर हातात घेतलं आणि जाळीत दहा-बारा बॉल मारले. त्यातला एक असा मधोमध बसला की हाताला काही लागलंच नाही. बाकीचे अकरा कुठे गेले ते तिथेच विसरून घरी आलो.

सेट १४०० डॉलरच्या घरात आहे. घरी अजून आकडा सांगितलेला नाही. १६ हँडिकॅपवाल्यानं घडीव आयर्न घेणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत होईल का? ज्यांनी वापरलेत त्यांनी खरं काय ते सांगा.

मकरंद

---

प्रेषक: कुसुमकाकू

चि. मकरंद,

लोखंडाचा सेट म्हणजे तवा आणि कढई असं मी समजते. पोळीला घडीव तवा घे, घावनाला बिडाचा. एकात दोन्ही होत नाही. बिडाचा मात्र हातातून पडू देऊ नकोस, माझा एक मागच्या वर्षी सिंकमध्ये आपटून तडकला.

काकू

---

प्रेषक: चिटणीस

सर्वांना नम्र विनंती, वैयक्तिक उत्तरं संबंधितालाच पाठवावीत. या ई-मेल यादीवर सहाशे लोक आहेत. मोदकांचा आकडा शुक्रवारपर्यंत हवा आहे, तो मात्र कुणीच कळवत नाही.

---

प्रेषक: नाना, सनीव्हेल

चिटणीस महाशय, आमचे २१ मोदक धरा. आता मला लिहू द्या.

मकरंद, मी ३१ वर्षं पुण्याला फोर्जिंग शॉपमध्ये काढली, तेव्हा ‘घडीव’ या शब्दावर बोलायचा माझा हक्क आहे. गोल्फ मात्र निवृत्तीनंतर इथे मुलाकडे आल्यावर शिकलो, त्यामुळे स्विंगबद्दल माझं काही ऐकू नकोस.

आधी काकूंचा तवा. त्यांचं म्हणणं तव्यापुरतं बरोबर आहे, पण गोल्फमधलं ओतीव म्हणजे बीड नव्हे. बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो, म्हणून ते ठिसूळ. ओतीव आयर्न असतात स्टेनलेस स्टीलचे, बहुतेक १७-४ किंवा ४३१ जातीचे. आधी क्लबचं डोकं मेणाचं करतात, त्यावर सिरॅमिकचे थर चढवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. पंचधातूच्या मूर्ती करणाऱ्यांना ही रीत नवी नाही. गोल्फमध्ये ती रुजवली पिंग या क्लब-कंपनीच्या कार्स्टन सोल्हाइम यांनी. हे गृहस्थ मूळचे जनरल इलेक्ट्रिकमधले इंजिनिअर. त्यांचा १९८२ सालचा आय-२ सेट अजूनही एखाद्या म्हाताऱ्याच्या बॅगेत दिसतो आणि तो म्हातारा आपल्याला हरवतो. ओतण्यात सोय ही की मागची बाजू खोलगट ठेवून वजन कडेकडेला नेता येतं. फटका मधोमध बसला नाही तरी पातं हातात कमी वळतं आणि बॉल फार भरकटत नाही.

आता घडाई. सळईचा तुकडा १२०० अंशांच्या आसपास तापवतात, नारिंगी-पिवळा झाला की डायमध्ये ठेवून वरून हॅमर. दोन डायच्या फटीतून जास्तीचा धातू चपटा होऊन बाहेर येतो, करंजीला कातण फिरवायच्या आधी कडेला जशी झालर उरते तसा. तो फ्लॅश. तो छाटायचा, मग घासायचं, वजन जुळवायचं, क्रोम चढवायचं. आमच्या शॉपमध्ये मोठा हॅमर पडला की कँटीनमधल्या चहावर वर्तुळं उठायची. कामावरून घरी आलो तरी रात्री कान वाजत असायचे. हिच्या म्हणण्याप्रमाणे अजूनही मला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

मिझुनोवाले हिरोशिमात मान आणि डोकं एकाच सळईतून घडवतात, म्हणजे धातूच्या आतल्या रेषा न तुटता मानेतून पात्यापर्यंत वाहत जातात. याला ते ग्रेन फ्लो म्हणतात. आम्ही क्रँकशाफ्टमध्ये नेमकं हेच करत होतो. पण क्रँकशाफ्ट मिनिटाला दोन हजार फेरे घेत वर्षानुवर्षं पिळवटला जातो, तिथे या रेषा चुकल्या तर ट्रक खंबाटकीत आडवा होईल. तुझा बॉल पात्याला चिकटून असतो साधारण अर्धा मिलिसेकंद. त्याला रेषा काय कळणार? हाताची संवेदना मेंदूत पोचेपर्यंत तो निघूनही गेलेला असतो.

मग लोण्यासारखं लागतं म्हणतात ते काय? माझ्या मते पुष्कळसं कानाला लागतं. पोरानं एकदा माझ्या डोक्यावर विमानात घालतात ते आवाज दाबणारे हेडफोन चढवले आणि वरून सारखीच दिसणारी दोन सात नंबरं आलटून पालटून हातात दिली, एक घडीव आणि एक ओतीव. दहापैकी पाच वेळा ओळखलं. छापा-काटा केला असता तरी तेवढंच. मिझुनोला हे माहीत नसेल असं समजू नकोस. २०१९च्या एमपी-२० मध्ये त्यांनी क्रोमखाली तांब्याचा पातळ थर दिला.

घडीव स्टीलचा खरा गुण वेगळाच आहे. १०२० किंवा १०२५ या आकड्यातले शेवटचे दोन अंक म्हणजे कार्बन, ०.२० किंवा ०.२५ टक्के. इतकं मवाळ स्टील यंत्रात धरून एक-दोन अंश सहज वाकवता येतं. १७-४ वाकवायला गेलं तर ते उलटून बोलतं. हे वाकवणं कशाला, ते वहिनी सांगतील, त्यांच्यापुढे मी बोलू नये.

आणि ‘फोर्ज्ड’ असा शिक्का दिसला म्हणजे सगळं घडीव, असंही धरू नकोस. टेलरमेडचं पी-७९० घे. पात्याचा चेहरा घडीव, आतून पोकळ, पोकळीत फोम. क्लब चांगलाच आहे, पण लोहाराची आठवण काढून घ्यावा असा नव्हे.

नाना

---

प्रेषक: सुहास, सॅन होजे

माझी एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे पाचशे डॉलरची. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ‘नवाकोरा फोर्ज्ड सेट’ निम्म्या किमतीत घेतला. खोका, प्लास्टिक, सगळं अगदी खऱ्यासारखं. तिसऱ्या राउंडला नऊ नंबरच्या पात्यावर पोचा पडला. बायको म्हणाली, लोहचुंबक लावून बघ. फ्रिजवर आपल्याच मंडळाचा गणपतीचा चुंबक होता, तो लावला. शॅफ्टला, म्हणजे दांडीला, चटकन चिकटला, डोक्याला लावला की खाली. कार्बन स्टील असो की हे १७-४, दोन्हींना चुंबक चिकटायलाच हवा. माझ्या नशिबी जस्ताची कसलीतरी भेसळ आली होती. पैसे परत मिळाले नाहीत. गणपती पुन्हा फ्रिजवर.

---

प्रेषक: सुमावहिनी, पालो आल्टो

मकरंद,

नानांच्या धातूशास्त्रात मला काही घालायचं नाही. मला तुझ्या त्या बारा बॉलबद्दल बोलायचंय. ते तू मॅटवर मारलेस ना? मग त्यातला एकही धरू नकोस. मॅटवर बॉलच्या दोन इंच आधी क्लब आपटला तरी तो घसरत जाऊन बॉलला लागतो आणि स्क्रीन सांगते १५० यार्ड. तोच फटका आमच्या बेलँड्सच्या मैदानावर मार. खाडीवरचा वारा, टणक जमीन आणि बोटभर गवत. क्लब मातीत रुततो आणि बॉल चाळीस यार्डांवर जाऊन तुझ्याकडे बघत बसतो.

आमच्या घरी हे शिक्षण झालेलं आहे. ह्यांनी पन्नाशीला स्वतःला ब्लेड, म्हणजे मागून खोलगट नसलेले पातळ घडीव आयर्न, भेट दिली. वरची कड पातळ, पातं दांडीच्या मागे जवळजवळ सरकवलेलं नाही, दिसायला इतकी देखणी की पहिले आठ दिवस बॅग दिवाणखान्यात होती. डिसेंबरात सकाळी सातला पहिला फटका थिन, म्हणजे पात्याच्या खालच्या कडेला, बसला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. तिसऱ्या होलवर हातमोजे, पाचव्यावर मौन. पाच महिने सेट गॅरेजमध्ये पडून होता, मग एका कॉलेजच्या पोराला विकला. तो त्याच क्लबनी बॉल ओळीत नेऊन ठेवतो. ब्लेड खोटं बोलत नाही एवढंच, आणि ह्यांना रोज इतकं खरं ऐकायचं नव्हतं.

तेव्हा घडीव घे, पण मागून खोलगट असलेलं घे. आता तीन गोष्टी नीट बघ.

पहिली लाय, म्हणजे क्लब जमिनीवर टेकवला की दांडीचा जमिनीशी होणारा कोन. तू माझ्याएवढाच, म्हणजे साडेपाच फुटांच्या आतबाहेर. कारखान्यातून येणारा क्लब आपल्याहून उंच माणसाचा विचार करून आलेला असतो. आपले हात खाली राहतात, क्लबचं टोक वर उचललं जातं आणि सरळ मारलेला बॉलही डावीकडे जातो. मी दोन वर्षं माझ्या खांद्यांना दोष देत होते. मग एका फिटरनं बॉलवर मार्करनं उभी रेघ काढली आणि मारायला सांगितलं. रेघेचा ठसा पात्यावर उमटतो, तो सरळ उभा हवा. माझा तिरका, गांधीटोपी कलल्यासारखा. दोन अंश फ्लॅट केलं, त्याच संध्याकाळी बॉल झेंड्याकडे जायला लागले. नाना म्हणतात तो मवाळ स्टीलचा गुण इथे उपयोगी पडला. त्याचीच दुसरी बाजू अशी की मॅटवर आपटून आपटून ते आपोआपही वाकतं, म्हणून वर्षातून एकदा लॉफ्ट-लाय तपासून घ्यायचं.

दुसरी शॅफ्ट. दुकानात लावलेली डायनॅमिक गोल्ड एस-३०० असेल तर ती १३० ग्रॅमच्या आसपास भरते. चौदाव्या होलला तुझे हात गळून जातील. निप्पॉनची ९५० शंभराच्या आत आहे, ती मारून बघ. माझ्या तर ग्राफाइट आहेत आणि ‘बायकांची शॅफ्ट’ म्हणणाऱ्या तिघांना मी या उन्हाळ्यात कॉफी पाजायला लावली आहे.

तिसरी लॉफ्ट, म्हणजे पात्याचा मागे कललेला कोन; इथेच जास्त लोक फसतात. मिझुनो प्रो २२१चं सात नंबर ३४ अंशांचं, त्या पी-७९०चं पहिल्या पिढीत ३०.५. दुकानात दुसरं बारा यार्ड लांब गेलं की माणूस खूश. अरे, ते मुळात सहा नंबरच आहे, खाली सात कोरलंय इतकंच. मग तळाशी पिचिंग वेज आणि सँड वेज या जवळच्या फटक्यांच्या क्लबांमध्ये अंतराचं भगदाड पडतं आणि मधला आणखी एक वेज घ्यावा लागतो. एकूण १४च क्लब बाळगता येतात, तेव्हा चार आणि पाच नंबर आयर्न घेऊच नकोस. तिथे हायब्रिड, म्हणजे लांब आयर्नऐवजी वापरायचा मारायला सोपा क्लब, ठेव. या वयात चार नंबर आयर्न फक्त झाडाखालून बॉल काढायला लागतं.

जुनं घे. घडीव डोक्यांवर चरे पडतात म्हणून लोक लवकर विकतात. भांड्याला भांडं लागणारच, बॉलला त्याचं काही नाही.

वहिनी

---

प्रेषक: मकरंद, फ्रीमाँट

सगळ्यांचे आभार, काकूंचेसुद्धा. घडीव तवा आणलाय, इंडियन स्टोअरमध्ये मिळाला, पोळ्या खरंच फुगतात.

आयर्नचं सांगतो. वहिनींच्या सांगण्यावरून गवतावर मारू देणारी रेंज शोधली आणि चार सेट मागून घेऊन मारले. ब्लेडचे वीसपैकी दोन नीट गेले. ते दोन अजून स्वप्नात येतात. खोलगट घडीवचे नऊ गेले. माझा जुना ओतीव सेट बरोबर नेला होता, त्याचेही नऊच! हे बघून परतच निघालो होतो. पण फिटरनं जुन्या सातावर मार्करची रेघ काढली, तर ठसा वहिनी म्हणाल्या तसाच कललेला. याला वाकवू का विचारलं तर तो म्हणाला, वाकवतो, पण मोडलं तर माझी जबाबदारी नाही.

शेवटी मिझुनोचा जेपीएक्स ९२१ फोर्ज्ड घेतला, जुना, सहा नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत, ४८० डॉलरला. नऊ नंबरच्या तळाला कुणाच्या तरी गाडीरस्त्याचा ओरखडा आहे. निप्पॉन ९५० आधीपासूनच होती, लाय दोन अंश फ्लॅट करून घेतली. नाना, यातल्या लांब आयर्नचं स्टील क्रोमोली आहे म्हणे, ते काय ते भेटल्यावर सांगा.

पहिले दोन राउंड ९६ आणि ९३. त्याआधीचेही ९४ आणि ९५ होते, तेव्हा आकड्यांनी काही सिद्ध होत नाही. डावीकडचा तलाव मात्र दोन्ही दिवस कोरडाच राहिला, म्हणजे माझ्या बॉलपुरता. मधोमध बसलेला फटका अजून तसाच लागतो. नाना म्हणतात तो कानाचा भास, तर असू दे, माझा कान खूश आहे. घरी आकडा सांगितला. १४०० वरून ४८० वर आलो असं सांगितल्यामुळे ‘९२० वाचवले’ म्हणून शाबासकी मिळाली.

शनिवारी बेलँड्सला कोण येतंय?

---

प्रेषक: नाना

क्रोमोली म्हणजे स्टीलमध्ये थोडं क्रोमियम आणि मॉलिब्डेनम, चहात आलं घालावं तेवढं. त्यानं स्टीलची ताकद वाढते, म्हणून चेहरा पातळ ठेवता येतो. मी येतो. गाडी तू आण.

---

प्रेषक: सुमावहिनी

७ वाजून १० मिनिटांची वेळ घेतली आहे, चौथे सुहास. आधी रेंजवरच्या मॅटवर हात खराब करू नका, सरळ पटिंग ग्रीनवर भेटा. मकरंद, त्या नव्या डोक्यांना लोकरीचे मोजे घालून आणलेस तर मी ओळख दाखवणार नाही.

चिटणीस, आमचेही ११ मोदक.