मदत हवी आहे: पपईचं वाय गुणसूत्र झिजतंय की फुगतंय?

नमस्कार मंडळी,

शहाद्याकडे आमची पपई आहे आणि मी एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राला. उभयलिंगी झाडाचं घरचं बी धरलं की साधारण 3 रोपांत 2 उभयलिंगी (एक्स-वाय गुणसूत्रं), 1 मादी (एक्स-एक्स). काकांचा हिशेब सोपा: फळ लांबट तर उभयलिंगी, गोल लागलं की मादी. दोन्हीकडून वाय आलेला चौथा वाटा बियातच मरतो. इथवर कळलं.

अडतंय पुढे. एक्स-वायमधली जनुकांची अदलाबदल थांबली की वायवरचे बिघाड गाळले जात नाहीत, साचत जातात आणि जनुकं निकामी होतात; हेच वायचं झिजणं. माणसात हे बसतं: एक्सवर 800च्या वर जनुकं, वायवर प्रथिनं बनवणारी 100च्या आसपास, त्यातल्याही बऱ्याच नकला. पण पपईत अदलाबदल बंद असलेला भाग उभयलिंगी झाडाच्या वायवर सुमारे 81 लाख बेस-जोड्यांचा (डीएनएची अक्षरं) आणि एक्सवरचा त्याचा जोडीदार 35 लाखांचा. झिजणारा दुपटीहून मोठा! ट्रान्सपोझॉननी (जागा बदलणाऱ्या, स्वतःच्या नकला करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांनी) तिथे मुक्काम ठोकलाय म्हणून, हे वाचलंय. मग फुगणं ही झिजण्याचीच पहिली पायरी का? तुकडे गळून वाय आखूड होतो तो नंतर?

दुसरं, वेगाचं. ड्रोसोफिला मिरांडा या माशीचा नवा वाय (साधं गुणसूत्र जुन्या वायला जोडून बनलेला) जेमतेम 10-15 लाख वर्षांचा, तरी त्यावरची कितीतरी जनुकं बाद. नर माशीत अदलाबदल मुळातच होत नाही, त्यामुळे ही घाई पटते. उलट पक्ष्यांचे झेड-डब्ल्यू (त्यांची लिंग-गुणसूत्रं) 10 कोटी वर्षांहून जुने, पण एमूमध्ये ते अजून बरेचसे सारखे, मोठ्या भागात अदलाबदल चालूच. तिथे ती का थांबली नाही?

आणखी एक. ॲस्परॅगस या भाजीत वाय-वाय नर धडधाकट जगतो, पपईत मरतो. म्हणून पपईचा वाय जास्त झिजलाय म्हणणं घाईचं होईल ना? गरजेचं एखादंच जनुक गेलं तरी मरायला पुरे.

‘पुरुषांचा वाय नाहीसा होणार’ छापाच्या बातम्यांच्या लिंका कृपया नकोत. ऱ्हीसस माकडाशी ताडून पाहिल्यावर, अडीच कोटी वर्षांत आपल्या वायने मूळचं एकच जनुक गमावल्याचं 2012 मध्येच दिसलंय.

जाणकारांनी आधी फुगण्याचं तेवढं सांगा, सेमिनार त्याच्यावरच आहे. एमूचं सवडीने चालेल.