कोळशावरचं याकिनिकु : आपापले अनुभव लिहा

याकिनिकु, म्हणजे टेबलावरच्या शेगडीवर आपलं आपण मांस भाजून खायची जपानी पद्धत. जपानात राहिलेल्या, फिरून आलेल्या मंडळींनी इथे सविस्तर लिहावं. कुठल्या दुकानात किती येन लागले यापेक्षा आच कशी होती, काय आधी भाजलं, कुणी काय शिकवलं, ते वाचायला आवडेल.

सुरुवात मी करते. ओसाकात त्सुरुहाशी स्टेशनाबाहेर पडलं की गल्लीतच धूर आणि भाजल्याचा वास येतो. कोरियन वंशाच्या लोकांची ही जुनी वस्ती. आजच्या याकिनिकुची रीत घडवण्यात त्यांच्या खानावळींचा मोठा वाटा आहे, आणि हे प्रत्येक खवय्याला ठाऊक असायला हवं. आमच्या टेबलावर शिचिरिन, म्हणजे मातीची छोटी शेगडी होती. वाढणाऱ्या आजींनी आधी तान-शिओ ठेवायला लावलं, म्हणजे मीठ लावलेल्या जिभेचे पातळ काप. सॉसमधलं मांस आधी ठेवलं की त्यातली साखर जाळीवर करपते आणि पुढच्या प्रत्येक घासाला कडवट लागते. कापाच्या कडा वळल्या की उलटायचं, लगेच उचलायचं, वर लिंबू. बस.

तोक्यो, निशी-कासाई
ताई, मी गोमांस खात नाही, पण ऑफिसची पार्टी हमखास याकिनिकुलाच असते. मी आधीच स्पष्ट सांगतो आणि कुणी आग्रह करत नाही. वेगळी शेगडी मागतो. नाहीच मिळाली तर नवी जाळी, ती विनातक्रार बदलून देतात. सूप आणि सॉस मात्र विचारूनच घ्या, त्यात गोमांसाचा अर्क असू शकतो. मी कोंबडी, कोळंबी, लाल भोपळा, मका मागवतो. आणि शिइताके, म्हणजे जपानी अळंबी! देठ काढून छत्री उलटी ठेवायची आणि नंतर अजिबात परतायची नाही. हळूहळू आत पाण्याचे थेंब जमतात. मग चिमूटभर मीठ, आणि ते पाणी न सांडता अख्खी तोंडात. माझ्या टेबलावरचे जपानी सहकारीही आता तशीच मागवतात.

वसई, सध्या कोबे
आम्ही वसईचे ख्रिस्ती. महाराष्ट्रात 2015 पासून बैल कापायलाही कायद्याने बंदी, त्यामुळे गावी मिळतं ते म्हशीचं, आणि ते रस्स्यात निवांत शिजवायचं. इथलं वाग्यू, म्हणजे जपानी जातीच्या गुरांचं मांस, जाळीवर काही सेकंदांत होतं. त्याची प्रत ए-5 अशी लिहितात. त्यातलं अक्षर जनावरातून किती मांस निघतं ते सांगतं, आकडा मांसाचा दर्जा. पण ए-5 चे दोन-तीन तुकडे पुरेत, पुढे चरबी जड होते. मला हारामी जास्त आवडतं. तो पडद्याचा स्नायू, चवीला खरा मांसल. कारुबीची, म्हणजे बरगडीजवळच्या मांसाची, चरबी ठिबकून जाळ उठला तर फुंकर मारू नका. बर्फाचा खडा मागा आणि जाळीवर ठेवा, जाळ बसतो.

कोल्हापूर
मी पशुवैद्य, त्यामुळे जपानातल्या याकिनिकुच्या दुकानात माझी नजर भिंतीवरच्या फलकावर गेली. 2001 साली जपानात बीएसई, म्हणजे गुरांचा ‘मॅड काऊ’ रोग, सापडला. त्यानंतर 2003 च्या कायद्याने तिथल्या प्रत्येक गुराला 10 आकडी क्रमांक मिळतो आणि याकिनिकुच्या दुकानांनाही तो दाखवावा लागतो. मी तो मोबाइलवर टाकला, तर जनावराची जात, जन्मतारीख, कुठे वाढलं, सगळं समोर. गिऱ्हाइकाला एवढा हिशेब देणारी व्यवस्था बघून मला फार बरं वाटलं. आपल्याकडच्या दुधालाही अशी सोय व्हावी, ही मनापासून इच्छा.

नागोया
होरुमोन, म्हणजे आतडी वगैरे, आवडणाऱ्यांसाठी दोन ओळी. कातडीची बाजू खाली ठेवून बराच वेळ, चरबीची बाजू नुसती दाखवल्यासारखी. काळीज, म्हणजे यकृत, पूर्ण शिजवाच. गुरांचं यकृत कच्चं खायला विकण्यावर 2012 पासून बंदी आहे. कच्च्याचा चिमटा वेगळा, खायच्या काड्या वेगळ्या, मुलांनाही आधी हेच शिकवा.

मोरिओका
आमच्याकडे शेवट रेइमेनने. गार रस्सा, चिवट शेवया, किमची (कोबीचं तिखट कोरियन लोणचं), वर बहुतेकदा कलिंगडाची फोड. भाजलेलं खाऊन तोंड तेलकट झालेलं असतं, तेव्हा पहिला घोट रश्शाचाच घ्या. किमची नंतर थोडी थोडी कालवा.