टाइम ब्लॉकिंग रोज सकाळी अकरालाच कोलमडतं, तुमचं कसं टिकतं?

रंगीत_कॅलेंडर
गेले तीन महिने टाइम ब्लॉकिंग (दिवसाचे तुकडे पाडून प्रत्येकाला एक काम ठरवून देणं) जमवायचा प्रयत्न करतोय. रविवारी रात्री बसून गूगल कॅलेंडरवर अख्खा आठवडा भरतो, साडेनऊ ते अकरा रिपोर्ट, अकरा ते साडेअकरा मेल, मग मिटिंग, मग वाचन, प्रत्येकाला वेगळा रंग, बघायला एकदम भारी दिसतं. सोमवारी रिपोर्ट अकराला संपत नाही, बाराला पण संपत नाही, तोवर दोन-तीन फोन येऊन गेलेले असतात आणि पुढचे सगळे ब्लॉक एकमेकांच्या अंगावर. मग मी वैतागून कॅलेंडर बंद करतो आणि समोर येईल ते करत बसतो. संध्याकाळी बघावं तर दिवसभर राबलोय पण ठरवलेलं एकही झालेलं नाही. मंगळवारपासून येरे माझ्या मागल्या.
काम ऑफिसचंच आहे, थोडं लिखाण, थोडं एक्सेल, बरंचसं लोकांना उत्तरं देणं. माझ्यात शिस्त नाही म्हणून असं होतंय, की ही पद्धतच मला लागू नाही, की मी काहीतरी बेसिक चुकतोय? ॲपची नावं नका सांगू प्लीज, चार टाकून झालीत.

अंदाजपंचे
शिस्तीचं सोडा हो, तुमचा अंदाज चुकतोय, आणि तो सगळ्यांचाच चुकतो. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याला प्लॅनिंग फॅलसी असं नाव दिलं. पुढे १९९४ मध्ये ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की किती दिवसात संपेल, सरासरी उत्तर आलं ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. आणि खरी गंमत पुढेच आहे, सगळंच बिघडलं तर किती लागतील असं विचारल्यावर पण ते ४९ च्या आसपासच म्हणाले होते. म्हणजे आपण वाईटात वाईट धरलं तरी कमीच धरतो.
मी काय केलं सांगतो. एक आठवडा प्लॅनच केला नाही. फक्त वहीत लिहीत गेलो, काम कधी धरलं, कधी सुटलं. महिन्याचा एक रिपोर्ट मी कायम तासाभराचा समजायचो, तो निघाला दोन तास चाळीस मिनिटांचा, कारण त्यातला तासभर आकडे मागण्यात आणि ते चुकीचे आलेत हे समजावण्यात जायचा. हा तास माझ्या कॅलेंडरवर कधी नव्हताच. आता ब्लॉक टाकताना वहीतला आकडा टाकतो, मनातला नाही.

उत्तरं_देणारी
तुमच्याच पोस्टमध्ये उत्तर आहे बघा. "बरंचसं लोकांना उत्तरं देणं" असं तुम्ही म्हणताय आणि कॅलेंडरवर त्याला अर्धा तास! मग ते बरंचसं काम जाणार कुठे, रिपोर्टच्या ब्लॉकमध्येच घुसणार ना.
मी सपोर्टला आहे, माझं निम्म्याहून जास्त काम दुसऱ्याच्या मर्जीवर चालतं. सुरुवातीला मीपण तुमच्यासारखं पूर्ण दिवस भरायचे आणि मग कोणी काही विचारलं की त्या माणसाचाच राग यायचा, जसं काही तो माझ्या कामात आडवा आला, खरं तर तेच माझं काम. आता सकाळचा दीड तास एकच ब्लॉक, नोटिफिकेशन बंद, टीमला सांगून ठेवलंय की अगदीच पेटलं असेल तर फोन करा. बाकी अकरानंतर दोन मोठे ब्लॉक "येईल ते" या नावाने. त्यात काही नाही आलं तर छोटी कामं उरकते. दीड तास ऐकायला काहीच नाही वाटत, पण तो रोज मिळतो.

कशाला_हवंय
मला हे सगळं प्रकरणच पटत नाही. कामाची यादी करा, वरचं काम आधी करा, संपलं. दिवसाचे चौकोन पाडून त्यात स्वतःला कोंबायचं आणि मग बसत नाही म्हणून रडायचं. बेंजामिन फ्रँकलिनचं वेळापत्रक लोक नेहमी पुढे करतात, पहाटे पाचपासून सगळं तासांनुसार आखलेलं. पण त्यानेच आत्मचरित्रात कबूल केलंय की या व्यवस्थितपणानेच आपल्याला सगळ्यात जास्त त्रास दिला, म्हणजे ज्याला कामासाठी लोकांना त्यांच्या सोयीने भेटावं लागतं त्याला ते वेळापत्रक तंतोतंत पाळणं जमेलच असं नाही. तो तर स्वतःच स्वतःचा मालक होता, आपली काय कथा.

अंदाजपंचे
@कशाला_हवंय फ्रँकलिनचा मुद्दा मान्य. पण यादीत दिवस किती लांब आहे हे दिसत नाही हो. मी चौदा कामांची यादी करायचो आणि रोज नऊ उरायची, रोज अपराधी. तीच चौदा कामं तासांवर मांडली तेव्हा कळलं की ती बसणारच नव्हती, त्यातली सहा सरळ नाही म्हणून सांगितली. माझ्यासाठी एवढा एकच उपयोग पुरेसा आहे, बाकी ब्लॉक पाळले नाही पाळले.

रंगीत_कॅलेंडर
@उत्तरं_देणारी बाप रे, हे लक्षातच नव्हतं आलं. आज मोजलं तर दुपारपर्यंतच सतरा वेळा कोणाला ना कोणाला उत्तर दिलंय.
एक शंका. ब्लॉक मोठे केले तर काम पण तेवढंच पसरणार ना? पार्किन्सनचा नियम का काय तो.

खोडरबर
पार्किन्सनने १९५५ मध्ये इकॉनॉमिस्ट साप्ताहिकात ते लिहिलं तेव्हा त्याचा रोख सरकारी नोकरशाहीवर होता, पण घरी बसून पण अनुभव येतोच. त्यावर माझा उपाय म्हणजे ब्लॉकवर "रिपोर्ट" असं लिहायचंच नाही. "तिसऱ्या भागातले आकडे भरून साहेबांना पाठवणे" असं लिहायचं. पाठवलं की ब्लॉक संपला, वेळ उरली तर उरली. नुसतं रिपोर्ट लिहिलं की माणूस फॉन्ट बदलत बसतो (मी बसलोय).
दुसरं, तुमचं खरं घोडं मला अकरा वाजता अडतंय असं वाटतं. रिपोर्ट लांबला हे होणारच, पण मग तुम्ही कॅलेंडरच बंद करता. तिथे पाच मिनिटं थांबून उरलेला दिवस परत आखा. मी कागदावर करतो, डावीकडे सकाळचा प्लॅन, फिसकटला की त्याच्या शेजारी नवा रकाना, आधीचा खोडायचा नाही. कॅल न्यूपोर्ट हा लेखक पण असंच करायला सांगतो. काही दिवशी माझे चार रकाने होतात आणि तरी तो दिवस चांगला गेलेला असतो.
आणि दोन ब्लॉक चिकटवू नका. सोफी लेरॉय या संशोधकांचा २००९ चा अभ्यास आहे, एक काम अर्धवट सोडून दुसऱ्यावर गेलं की डोकं थोडा वेळ पहिल्यातच अडकून राहतं. म्हणून उठायच्या आधी मी एक ओळ लिहितो, कुठवर आलो आणि पुढे काय करायचं. मधे दहा मिनिटं रिकामी.

रंगीत_कॅलेंडर
चार आठवड्यांनी परत आलोय, धागा वर काढल्याबद्दल सॉरी.
पहिला आठवडा नुसतं लिहिलं. रिपोर्ट सरासरी अडीच तास, मी दीड धरत होतो. उत्तरं देणं रोज तीन तासांच्या वर, हा आकडा बघून मी खरंच गप्प बसलो. दुसऱ्या आठवड्यापासून रविवारचं रंगकाम बंद, आदल्या संध्याकाळी फक्त उद्याचा दिवस. सकाळी पावणेदोन तासाचा एक ब्लॉक, दुपारी चार ते पाच मुद्दाम रिकामा, तो रोज भरतोच कशाने तरी. रिपोर्ट आता दोन दिवसात विभागलाय. पंधरापैकी सहा दिवस सकाळचा ब्लॉक अख्खा मिळाला, बाकी दिवशी तुकड्यात. आधी शून्य होता.
रकान्यांचं मात्र कॅलेंडरवर जमत नाही, ब्लॉक सरकवला की जुना प्लॅन गायबच होतो. शेवटी वही घेतली. @खोडरबर एक विचारायचं होतं, मिटिंगच वीस मिनिटं लांबली तर तुम्ही तिथेच नवा रकाना काढता की ती संपेपर्यंत थांबता?

खोडरबर
मिटिंगमध्येच काढतो. तेवढंच काहीतरी काम होतं तिथे.