टेक-ऑफच्या वेळचे अपघात आणि अहवालातले ‘संभाव्य कारण’

खामलेकर

नमस्कार. आमचे घर नागपूरच्या खामल्यात असून गच्चीवर उभे राहिले की सोनेगावच्या धावपट्टीवरून उठलेली विमाने स्पष्ट दिसतात. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान जमीन सोडल्यावर जेमतेम अर्ध्या मिनिटात वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले आणि विमानातील २४२ पैकी २४१ जण व जमिनीवरील १९ जण मृत्युमुखी पडले. तेव्हापासून गच्चीत वाळवण घालताना विमानाचा आवाज आला की माझी आई हात थांबवते आणि ते नजरेआड होईपर्यंत तिकडेच बघत राहते. धाकटा भाऊ पुण्याला असल्यामुळे तिला वर्षातून तीन-चार वेळा विमानाने जावे लागते, आणि तिची भीती ‘काही होत नाही’ एवढ्या शब्दांनी जाणारी नाही.

म्हणून येथील जाणकारांना विचारतो. उड्डाणाच्या त्या मिनिटभरातच असे काय बिघडते की सावरायला वाव राहत नाही? चौकशी अहवालांत नेहमी ‘संभाव्य कारण’ असे लिहिलेले असते. वर्षभर तपास करूनही नक्की कारण का सांगत नाहीत, की ते टाळले जाते? आणि आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हवा विरळ होऊन विमानाला उठायला त्रास होतो असे ऐकले आहे. त्यात तथ्य किती?

देखभाल_अभियंता

मी ३१ वर्षे विमानांच्या देखभालीत काढली आणि त्यांतली बरीचशी नागपुरातच गेली, त्यामुळे आपल्या पहिल्या दोन प्रश्नांना माझ्या परीने उत्तर देतो. उन्हाळ्याविषयी इथे माझ्यापेक्षा चांगले सांगणारे आहेत.

उड्डाणाच्या क्षणी विमान त्या प्रवासातले सर्वांत जड असते, कारण इंधनाच्या टाक्या तेव्हाच सर्वाधिक भरलेल्या असतात. वेग नुकताच उडण्यापुरता झालेला असतो आणि खाली उंची नसते. पस्तीस हजार फुटांवर दोन्ही इंजिने बंद पडली तरी विमान तरंगत खाली येते आणि वैमानिकाला विचार करायला, तपासणीची यादी वाचायला, इंजिन पुन्हा सुरू करून पाहायला वीसेक मिनिटे मिळतात. सहाशे फुटांवर तीच गोष्ट घडली तर हाताशी काही सेकंद असतात. संख्येने पाहिले तर उतरतानाचे अपघात अधिक होतात, परंतु उठतानाचा अपघात भरल्या टाक्यांमुळे अधिक भीषण ठरतो, आणि म्हणूनच तो लोकांच्या मनातून जात नाही.

मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे ते वेगळेच. उड्डाणातल्या बहुतेक अपघातांचे मूळ त्या मिनिटात नसते. ते चाके हलण्याआधीच जमिनीवर तयार झालेले असते आणि त्या मिनिटात फक्त उघडे पडते. २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिदला स्पॅनएअरचे एमडी-८२ जातीचे विमान उठताच कोसळले आणि १७२ पैकी १५४ जण गेले. ते विमान आधी एकदा धावपट्टीपर्यंत जाऊन परत आले होते, कारण नाकाजवळचा तापमान मोजणारा एक भाग जमिनीवर असतानाच तापत होता. तंत्रज्ञांनी नियमाप्रमाणे त्याचा विद्युतप्रवाह तोडला, विमान पुन्हा निघाले, आणि उशीर झालेला असताना दुसऱ्या वेळी पंखांचे फ्लॅप, म्हणजे कमी वेगातही जास्त उचल देणाऱ्या कडेच्या झडपा, बाहेर काढायचेच राहून गेले. यादी तोंडाने म्हटली गेली, पण फ्लॅपचा दांडा खरोखर जागेवर आहे का हे डोळ्यांनी पाहिले गेले नाही. फ्लॅप न काढता वेग वाढवला तर धोक्याचा भोंगा वाजायला हवा होता, तोही वाजला नाही. भोंगा का वाजला नाही, याचे निर्विवाद उत्तर तपासकांना शेवटपर्यंत मिळाले नाही. एका रिलेवर, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचवर, संशय आहे, एवढेच. १९८७ मध्ये डेट्रॉइटला याच घराण्यातल्या विमानाचा हुबेहूब असाच अपघात झालेला होता, फ्लॅप आत आणि भोंगा गप्प, हे वाचले की आजही माझा जीव हळहळतो.

आता ‘संभाव्य’ या शब्दाविषयी. तो टाळाटाळीचा शब्द नाही, हे मी मनापासून सांगतो. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून उठलेले बर्गेनएअरचे बोइंग ७५७ पाचेक मिनिटांत समुद्रात पडले आणि १८९ जण गेले. कॅप्टनच्या बाजूचा वेगदर्शक चुकीचा वेग दाखवत होता. वेग मोजण्यासाठी विमानाच्या नाकाशी पिटो नावाच्या बारीक नळ्या असतात. समोरून येणाऱ्या हवेचा दाब त्यांतून मोजला जातो. ते विमान सुमारे वीस दिवस न उडता उभे होते आणि त्यांतले काही दिवस नळ्यांवर झाकणे नव्हती. तपासकांचा निष्कर्ष असा की त्या काळात एखाद्या कीटकाने, बहुधा कुंभारणीने, नळीत मातीचे घर केले असावे. पण त्या नळ्या समुद्रातून हाती लागल्याच नाहीत. माती कोणी पाहिलेली नाही. मग प्रामाणिक माणूस ‘संभाव्य’ याखेरीज दुसरे काय लिहील?

कुंभारीण नागपुरात सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात ती कुलपाच्या भोकात किंवा खिडकीच्या चौकटीत मातीचे गोळे आणून बसवते. एका पावसाळ्यात प्रशिक्षणाचे एक छोटे विमान दोन आठवडे हँगरमध्ये उभे होते आणि पिटोवरचे लाल फितीचे झाकण कोणीतरी काढून पुन्हा लावायचे विसरले होते. मी तारेने टोकरून पाहिले तेव्हा तळहातावर वाळलेली मातीची गोळी पडली, आणि ती फोडली तर आत एक हिरवी अळी होती. ते विमान दुसऱ्या दिवशी सकाळी उडणार होते. त्या दिवसापासून मी झाकणे मोजल्याशिवाय कधी घरी गेलो नाही.

अहमदाबादच्या अपघाताबद्दल, १२ जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालात घटनाक्रम दिलेला आहे, कारण दिलेले नाही. जमीन सोडल्यानंतर सुमारे तीन सेकंदांनी दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे. एक वैमानिक दुसऱ्याला ‘बंद का केले’ असे विचारतो आणि दुसरा ‘मी केले नाही’ असे म्हणतो. पुढे दहा सेकंदांनी पहिला आणि आणखी चार सेकंदांनी दुसरा स्विच पुन्हा चालू स्थितीत आला. इंजिने पुन्हा सुरू होऊ लागली, पण उंची उरली नव्हती. हे स्विच नुसता हात लागून पडत नाहीत, वर उचलून मगच सरकवावे लागतात. तरीही स्विच सरकला ही नोंद आहे आणि तो का सरकला हे कारण आहे, आणि या दोहोंमधले अंतर वाहिन्यांवरच्या चर्चेत कोणी राखले नाही याचे मला फार वाईट वाटते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अशा तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा असतो, दोष वाटणे हा नसतो.

जाता जाता, हा विषय नागपूरला परका नाही. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून विमाने मध्यरात्री येथे येत, पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती परत निघत. १२ डिसेंबर १९५३ रोजी त्यांतलेच एक डाकोटा येथून उठल्यावर लगेच कोसळले. १४ पैकी १३ जण गेले, त्यांत कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री होते. वैमानिक तेवढा वाचला.

विज्ञान_शिक्षिका

उन्हाळ्याच्या प्रश्नाचे उत्तर देते. आपण ऐकले ते खरे आहे, पण त्यातून निघणारी भीती खरी नाही.

पंखाला मिळणारी उचल हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. डिसेंबरातल्या पहाटेच्या १२ अंशांऐवजी मे महिन्यातल्या दुपारचे ४५ अंश घेतले तर, दाब तोच धरून, हवेची घनता सुमारे दहा टक्क्यांनी घटते. तेवढीच उचल मिळवायला विमानाला जमिनीवर सुमारे पाच टक्के अधिक वेगाने धावावे लागते, आणि त्याच विरळ हवेमुळे इंजिनाचा जोरही कमी झालेला असतो. म्हणजे वेग जास्त हवा आणि तो मिळवून देणारी ताकद कमी, अशी दुहेरी ओढ असल्यामुळे धावपट्टी जास्त लागते. सोनेगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३३ फुटांवर आहे. नवतप्यातल्या दुपारी मात्र विमानाच्या दृष्टीने तो जवळजवळ पाच हजार फुटांवर असल्यासारखा असतो. गणित माझ्या वर्गातली मुलेही करतात, आणि आपली धावपट्टी ३,२०० मीटरची आहे हे कळले की त्यांचे चेहरे निवळतात.

हे गणित प्रत्येक उड्डाणाआधी त्या वेळचे तापमान, वारा, वजन आणि धावपट्टीची लांबी घेऊन केले जाते, आणि उत्तर बसत नसेल तर सामान किंवा प्रवासी कमी केले जातात. धोका उष्णतेत नसून गणितात चुकीचा आकडा शिरण्यात आहे. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नला एमिरेट्सच्या एअरबसचे वजन ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन भरले गेले. एका अंकाने शंभर टन नाहीसे झाले. त्या आकड्यावरून काढलेला इंजिनांचा जोर अपुरा पडला, शेपूट धावपट्टीला घासले, आणि कॅप्टनने शेवटच्या क्षणी पूर्ण जोर दिला म्हणून विमान कसेबसे उठले आणि सर्व जण वाचले.

चिकलठाणा_९३

वर बाहेरदेशीची उदाहरणे आली, म्हणून आपल्या महाराष्ट्रातले एक सांगणे मला आवश्यक वाटते. २६ एप्रिल १९९३ रोजी मी औरंगाबादला शिकत होतो. दुपारी एकच्या सुमारास चिकलठाण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकापर्यंत नीट उचलले गेले नाही आणि कुंपणापलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला त्याचे डावे चाक व इंजिन धडकले. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना लागून ते पडले. ११८ पैकी ५५ जण गेले.

त्या अहवालात संभाव्य कारणे दोन सांगितली आहेत. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले हे एक, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक थांबवण्यात विमानतळाची यंत्रणा कमी पडली हे दुसरे. हे दुसरे कारण लिहिले गेले याचे मोल मला फार वाटते. नाही तर सगळे ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांत संपले असते आणि तो रस्ता तसाच राहिला असता. दुसऱ्या दिवशी आम्ही मुले तिकडे गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला काळवंडलेला कापूस वाऱ्याने बाभळींच्या काट्यांत अडकलेला होता. ते दृश्य इतक्या वर्षांनीही डोळ्यांपुढून हलत नाही.

खामलेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रात्री आईला हे सगळे वाचून दाखवले. तिने विचारलेला एक प्रश्न मलाही पडला आहे: वेगाचा काटा चुकीचा आहे हे त्या बर्गेनएअरच्या कॅप्टनला धावपट्टीवरच कळले असेल, तर तो थांबला का नाही? आणि विमान थांबवता येण्याची मर्यादा नेमकी कोणती? तिचे पुण्याचे तिकीट मी मे महिन्यातले पहाटेचे काढले आहे, म्हणजे हवाही थंड असेल.

देखभाल_अभियंता

आईंचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. दोन्ही वैमानिकांनी आपापले काटे जुळतात का हे पडताळावे म्हणून ८० नॉटवर (ताशी सुमारे १४८ किलोमीटर) सहवैमानिक मोठ्याने आकडा म्हणतो. तेव्हा त्या कॅप्टनला आपला काटा चालत नसल्याचे कळले होते आणि तो तसे बोललाही. त्या वेगाला थांबणे अगदी सोपे होते. त्याने सहवैमानिकाच्या काट्यावर विसंबून पुढे जायचे ठरवले. वर गेल्यावर त्याचा काटा अवाजवी वेग दाखवू लागला, स्वयंचलित यंत्रणाही त्याच काट्यावर चालत होती, तिने नाक वर केले आणि खरा वेग घटत गेला.

मर्यादेबद्दल सांगायचे तर प्रत्येक उड्डाणासाठी ‘व्ही-वन’ नावाचा एक वेग आधी काढलेला असतो. त्याच्या आत काही गंभीर घडले तर ब्रेक लावून उरलेल्या धावपट्टीत थांबता येते. तो ओलांडला की एक इंजिन गेले तरी उडायचेच, कारण एका इंजिनावर सुरक्षितपणे वर चढता येईल असेच विमान बांधलेले असते. म्हणूनच व्ही-वनची हाक आली की कॅप्टन इंजिनांच्या दांड्यांवरचा हात काढून घेतो, जेणेकरून सवयीने ते मागे ओढले जाऊ नयेत. पुढच्या वेळी विमानात बसल्यावर आईंना हे सांगा. आसन पाठीला टेकून जोर जाणवू लागला की समोर दोन माणसे हेच आकडे एकमेकांना ऐकवत असतात.

पहाटेच्या तिकिटाबद्दल एक दुरुस्ती. दुपारच्या विमानाचे वजन आणि वेग त्या उन्हाला धरूनच ठरवलेले असतात, त्यामुळे सुरक्षिततेत त्याने फरक पडत नाही. परंतु दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेमुळे चढताना विमान बरेच हेलकावते, आणि तो त्रास पहाटे जवळजवळ नसतो. तिकीट तेच राहू द्या आणि त्यांना पंखाजवळची जागा घ्या, तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. खिडकीतून पाहिले तर विमान निघण्याआधी पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली उतरलेले त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतील.